खळे, ऋतू आणि रंगमंच : वारली तारपा-नाचाच्या इतिहासाचा एक विचार

१

मराठी समीक्षेत ‘लोकनृत्य’ ही संज्ञा आपण इतक्या सहजपणे वापरतो, की ती कोणत्या गरजेतून आली आणि तिच्यामुळे काय झाकले गेले, हे विचारण्याची आपल्याला आवश्यकता वाटत नाही. लोकगीत, लोककथा, लोकनाट्य या संज्ञांच्या ओळीत ती आली आणि तशीच रुळली. दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (१९५६) या ग्रंथापासून लोकसाहित्याच्या मराठी अभ्यासाला एक शास्त्रीय शिस्त लाभली. परंतु या अभ्यासाचा भर स्वाभाविकपणेच शब्दावर राहिला. ज्या आविष्कारात शब्दच नाही, त्याचे करायचे काय, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने बहुधा मानववंशशास्त्राकडे किंवा सांस्कृतिक खात्याकडे सोपवून दिला.

वारल्यांचा तारपा-नाच हे अशा शब्दरहित आविष्काराचे ठळक उदाहरण आहे. आज पालघर जिल्ह्यात मोडणारे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके, ठाणे व नाशिक जिल्ह्यांचा काही भाग, आणि सीमेपलीकडील दक्षिण गुजरात व दादरा-नगर हवेली हा या नाचाचा प्रदेश. त्याचे वर्णन करताना ‘आदिवासींच्या आनंदी, निसर्गनिष्ठ जीवनाचे दर्शन घडवणारे सुगीचे नृत्य’ अशी एक ठराविक शब्दावली वापरली जाते. या शब्दावलीत तीन गृहीतके दडलेली आहेत. पहिले, हा नाच सुगीचा आहे. दुसरे, तो आनंदाचा आहे. तिसरे, तो कालातीत आहे, म्हणजे त्याला इतिहास नाही. ही तिन्ही गृहीतके तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. शेतीच्या ऋतूशी नाचाचा संबंध आहे, हे कोणीच नाकारत नाही. तो संबंध नेमका कशा स्वरूपाचा आहे आणि तो तुटतो तेव्हा नाचाच्या रूपाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

२

प्रथम वर्षचक्र लक्षात घेऊ. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नागली व वरई आणि सखल खाचरात भात, अशी या भागातील पावसाळी शेती. वर्षाचे पहिले काम राबाचे. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचा थर रोपांच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात तो भाजायचा. मृगाच्या सुमारास त्या भाजलेल्या जमिनीत पेरणी, आषाढात आवणी म्हणजे रोपांची लावणी, मग बेणणी, आश्विनात हळव्या भाताची आणि पुढे गरव्या भाताची कापणी, शेवटी खळ्यावरची झोडणी. (‘लावणी’ या काव्यप्रकाराच्या नावाची एक व्युत्पत्ती याच शेतकामाशी जोडली जाते. म्हणजे मराठी काव्यशास्त्राच्या शब्दकोशातही भाताचे खाचर कोठेतरी आहेच.)

या प्रत्येक टप्प्यावर एखादे विधान किंवा निषेध आहे. पहिल्या पावसानंतर रानात उगवणारी कोवळी भाजी देवाला दाखवल्याखेरीज खायची नाही. नवे धान्य दैवतांना व पूर्वजांना अर्पण केल्याखेरीज तोंडात घालायचे नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस. धान्यदेवी कणसरी हिची कथा भगत घांगळी या तंतुवाद्यावर गातो. लग्ने पीक घरात आल्यानंतरच्या महिन्यांत होतात आणि तेथे धवलेरीची गाणी असतात, तारपा नव्हे. ढोलावरचा कांबड-नाच, गौरीचा नाच, शिमग्यातील नाच यांच्या वेळा निराळ्या आहेत. मोखाडा-जव्हारकडचा मुखवट्यांचा बोहाडा उन्हाळ्यात, शेत रिकामे झाल्यावर होतो. थोडक्यात, वाद्य आणि महिना यांची एक सांगड या समाजाने घातलेली आहे. कोणते वाद्य केव्हा वाजवायचे हा येथे केवळ आवडीचा प्रश्न नाही.

तारप्याचा मुख्य काळ भात पिकू लागते तेथपासून दिवाळीपर्यंतचा. या काळाकडे बारकाईने पाहिले तर पहिल्या गृहीतकाला तडा जातो. ‘सुगी’ म्हणताना आपल्या मनात भरलेले खळे आणि भरलेली कणगी असते. पण तारपा वाजू लागतो तेव्हा पीक अजून शेतात उभे आहे. इतकेच नव्हे, तर भाद्रपद हा या भागात वर्षातील सर्वांत मोठ्या टंचाईच्या दिवसांचा महिना. गेल्या वर्षीचे धान्य संपलेले असते, आवणीची मजुरी थांबलेली असते, आणि कंदमुळे व रानभाज्या यांवर दिवस काढावे लागतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष ज्या भुकेकडे वेधले, ती भूक या प्रदेशाला नवी नव्हती. पावसाळ्याचा उत्तरार्ध हा तिचा ठरलेला ऋतू होता.

म्हणजे तारपा-नाच उपासमार आणि अन्न यांच्या सीमेवर उभा आहे. समोर पिवळे पडत चाललेले शेत आहे, पोटात भूक आहे, आणि ‘नवे’ अर्पण होईपर्यंत त्या धान्याला हात लावायचा नाही असा निर्बंध आहे. पिकणे आणि खाणे यांच्या मधल्या या अवकाशात रात्रभर नाच चालतो. म्हणून त्याला सुगीचा नाच म्हणण्याऐवजी प्रतीक्षेचा नाच म्हणणे अधिक युक्त ठरेल. त्यात आनंद नाही असे नव्हे. परंतु तो तृप्तीचा आनंद नसून, अन्न दृष्टिपथात आल्याचा आणि तरीही स्वतःला आवरून धरण्याचा आनंद आहे. या दोन आनंदांत गुणात्मक भेद आहे, आणि समीक्षेने तो ओळखला पाहिजे.

हे विधान सर्व आदिवासी नृत्यांना लागू होईल असा दावा येथे नाही. आदिलाबाद व त्याला लागून असलेल्या चंद्रपूरच्या भागातील राजगोंडांची दंडारी आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीला संपते. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव फिरत असतात, तेव्हा खरिपाची ज्वारी बहुशः उभीच असते. हे उदाहरण आपल्या विधानाला पुष्टी देते. उलट सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजांचा होळीचा नाच हा पीक घरात आल्यानंतरचा आहे. त्याची लय, त्याचा वेष, त्यातील स्वैरता ही सारी निराळी आहेत. ‘आदिवासी नृत्य’ अशी एकच कोटी कल्पून तिला ‘ऋतुनिष्ठ’ हे विशेषण लावले, की हे भेद नाहीसे होतात. ऋतू सर्वांनाच आहे. त्या ऋतूतील नेमका कोणता क्षण एखाद्या समाजाने नाचासाठी निवडला, हे महत्त्वाचे.

३

आता रूपाकडे वळू. तारपा हे वाद्य वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि हे सारे सांधणारे मेण यांचे बनलेले असते. त्याची सामग्री शेत आणि रान यांतून येते, आणि भोपळा पिकून वाळण्यास एक हंगाम जावा लागतो. या वर्षीच्या नाचाचे वाद्य अशा रीतीने गेल्या वर्षीच्या वेलीवरून आलेले असते. तारपकरी गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, स्वर न तोडता वाजवत राहतो. त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात. साखळीच्या टोकाचा नाच्या हातातील घोळकाठी आपटून पदन्यासाला इशारा देतो. साखळी कधी वर्तुळ होते, कधी नागमोडी सरकते, कधी वेटोळे घालत आत येते. तारपकऱ्याकडे पाठ करायची नाही, हा तिचा नियम. तारप्याच्या धुनेप्रमाणे पावले बदलतात. अशा प्रत्येक प्रकाराला ‘चाळा’ म्हणतात, आणि चाळ्यांची नावे देव, पक्षी, लग्नातील नवरा-नवरी अशा अनेक गोष्टींवरून आलेली आहेत.

या नाचात कथा नाही आणि पात्रे नाहीत. ‘दशरूपक’काराने केलेल्या भेदाच्या परिभाषेत बोलायचे तर हे ‘नृत्त’ आहे. ते ताललयाश्रित आहे, भावाश्रित ‘नृत्य’ नव्हे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी भरताला विचारतात, की ज्या नृत्ताचा गीताच्या अर्थाशी संबंध नाही, त्याचे प्रयोजन काय? भरताचे उत्तर दुहेरी आहे. नृत्त कोणत्याही प्रयोजनाची अपेक्षा करीत नाही, ते शोभा निर्माण करते. आणि ते मंगल आहे, म्हणून विवाह, जन्म, अभ्युदय अशा प्रसंगी त्याची प्रशंसा होते. निष्प्रयोजनता आणि मांगल्य या दोन गोष्टी भरताने एकाच उत्तरात ठेवल्या आणि त्यांच्यातील ताण तसाच राहू दिला. तारपा-नाचाच्या संदर्भात हा ताण फार अर्थपूर्ण आहे. चाळा कशाचेही ‘चित्रण’ करीत नाही, पण तो वर्षातून ठराविक काळीच मंगल असतो.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाला दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. ख्रिस्तोफर कॉडवेल याने ‘इल्यूजन अँड रिअ‍ॅलिटी’ (१९३७) या ग्रंथात सामूहिक नृत्यगीताला श्रमाचे साधन मानले. अद्याप अस्तित्वात नसलेले पीक नाचात कल्पिले जाते, त्या कल्पनेने समूहाची भावना संघटित होते, आणि ती भावना माणसाला प्रत्यक्ष श्रमाकडे नेते. मराठीतील मार्क्सवादी समीक्षेला हा विचार परिचित आहे. परंतु तारपा-नाच कॉडवेलच्या चौकटीत नीट बसत नाही. राब, आवणी, बेणणी ही कंबर मोडणारी कामे तारपा वाजू लागण्यापूर्वीच झालेली असतात. येथे नाच श्रमाची प्रेरणा देत नाही. श्रम संपले आहेत आणि फळ अजून हाती आलेले नाही, अशा निरुपाय काळाला तो रूप देतो. शेतकऱ्याच्या हाती ज्या वेळी काहीच उरत नाही, त्या वेळी तो नाचतो. ऐन आश्विनातील पाऊस उभे भात आडवे करू शकतो, आणि त्यावर कोणाचाच इलाज नसतो.

दुसरे उत्तर जेन हॅरिसन हिचे. ‘एन्शंट आर्ट अँड रिच्युअल’ (१९१३) मध्ये तिने ग्रीकांच्या ऋतुविधींपासून नाटकाकडे होणाऱ्या वाटचालीचे वर्णन केले. विधीत सर्वच कर्ते असतात. काही जण बाजूला होऊन पाहू लागतात, तेव्हा विधीची कला होते. ग्रीक रंगभूमीच्या काही अभ्यासकांनी तेथील वर्तुळाकार नृत्यभूमीचा संबंध मळणीच्या खळ्याशी जोडला आहे, तो या दृष्टीने उद्बोधक आहे. हॅरिसनच्या विवेचनात मात्र हा बदल एका संस्कृतीच्या पोटातून, शतकांच्या गतीने होतो. प्रेक्षक हा मूळच्या नाचणाऱ्यांतलाच एक असतो. वारल्यांच्या बाबतीत प्रेक्षक बाहेरून आला, आणि तो केवळ नाच पाहण्यासाठी आलेला नव्हता. या आगमनाचा इतिहास पाहिल्याशिवाय तिसऱ्या गृहीतकाची, म्हणजे कालातीततेची, शहानिशा होणार नाही.

४

जॉन विल्सन या मिशनरी विद्वानाने १८४३ साली वारली व कातोडी यांच्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. गॅझेटियरच्या रचनेकडे साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे, कारण ती एक प्रकारची कथनरचनाच आहे. जमातींचे वर्णन लोकसंख्येच्या प्रकरणात येते आणि पिके, जमीन, राब यांचे वर्णन शेतीच्या प्रकरणात. एका माणसाचे देव, लग्न आणि चालीरीती एका ठिकाणी, त्याचे शेत दुसऱ्या ठिकाणी. ज्या संबंधाचा आपण शोध घेत आहोत, तो या प्रकरणविभागणीतच तुटलेला आहे. पुढील काळात ‘संस्कृती’ आणि ‘शेती’ यांचे जे वेगवेगळे अभ्यास, वेगवेगळी खाती आणि वेगवेगळे अर्थसंकल्प झाले, त्यांचे बीज अशा मांडणीत पाहता येते.

त्याच सुमारास शेतीच्या ऋतूवर राज्यसत्तेचा थेट अंमल सुरू झाला होता. १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव होऊ लागले आणि फांद्या तोडून राब भाजण्याचा व्यवहार वादाचा विषय बनला. ठाणे-कुलाब्यातील या असंतोषाच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई सरकारने वनआयोग नेमला. राब हा वर्षचक्राचा आरंभबिंदू आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या वादाचे सांस्कृतिक परिणाम ध्यानात येतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर आवणी नाही, आणि मग आश्विनात नाचण्यासाठी समोर पिवळे शेतही नाही.

जमीन मोठ्या प्रमाणावर सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली होती. १९३९ च्या सिमिंग्टन अहवालाने मुंबई इलाख्यातील आदिवासी भागांतील वेठ आणि कर्जबाजारीपणा यांची नोंद अधिकृतपणे केली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी मालकाकडे राबणारा ‘लग्नगडी’ हा या व्यवस्थेचाच एक भाग. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथातून मराठी वाचकाला हे वास्तव त्याच्या साऱ्या दाहकतेसह कळले. या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मराठी आत्मपर गद्यात त्याचे स्थान पक्के झाले. तथापि त्याचा परिणाम आपल्या लोककलाविषयक लेखनावर जवळजवळ झालाच नाही. एकीकडे आपण वेठीचे वर्णन वाचले आणि दुसरीकडे ‘मुक्त, आनंदी निसर्गपुत्रांच्या’ नाचाचे कौतुक करीत राहिलो.

ही दोन वर्णने एकाच माणसांची आहेत, हे मान्य केले तर एक अवघड प्रश्न समोर येतो. ज्या पिकासाठी हा नाच होत होता, ते पीक कोणाचे होते? वेठ करणाऱ्या गड्याला मालकाचे शेत आधी कापावे लागे. त्याच्या स्वतःच्या तुकड्यातले भात खंड आणि व्याज यांत जाई. तरीही कणसरीची पूजा होई, नवे अर्पण होई, तारपा वाजे. याचा अर्थ असा, की नाचाने पिकाशी जोडलेले नाते हे मालकीच्या नात्याहून वेगळे होते. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, भात पिकवणाऱ्याचे त्या भाताशी एक नाते आहे आणि ते वर्षातून एकदा सर्वांसमक्ष उच्चारायचे आहे, असा या नाचाचा एक अर्थ होऊ शकतो. त्यास मी बंड म्हणणार नाही. बंडाला जाणीवपूर्वक कृती लागते, आणि ती पुढे निराळ्या मार्गाने झाली. परंतु जे नाते कागदावर नाकारले गेले होते, ते नाचाने जिवंत ठेवले, एवढे म्हणता येईल.

या दृष्टीने १९४५ हे वर्ष विशेष आहे. त्या वर्षी २३ मे रोजी तलासरी भागातील झरी येथे वारल्यांची सभा झाली आणि वेठीला नकार देण्याचा निश्चय झाला. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि ११ ऑक्टोबरच्या सुमारास तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. पंचांग पाहिले तर ते दिवस आश्विन शुद्ध पक्षातले, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातले. गवत कापणीला आलेले, भात पिवळे पडलेले, तारप्याचे दिवस. संपाची वेळ गवताच्या व्यापाराने ठरवली होती, नाचाने नव्हे, हे खरे. पण ज्या महिन्यात पाडे रात्री एकत्र जमत, त्याच महिन्यात ते संघटित झाले, ही गोष्ट शेतीच्या ऋतूला ‘निसर्ग’ एवढाच अर्थ देणाऱ्यांनी विसरू नये. त्याच १९४५ साली के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथही प्रसिद्ध झाला. जमातीचे पुस्तकरूप वर्णन आणि जमातीचा उठाव एकाच वर्षी घडावेत, यात आपल्या अभ्यासविषयाची सारी गुंतागुंत सामावलेली आहे.

५

स्वातंत्र्यानंतर प्रेक्षक आला तो राज्यसंस्थेच्या निमंत्रणाने. १९५० च्या दशकात प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचे महोत्सव सुरू झाले. नव्या राष्ट्राला आपली विविधता एका दृष्टिक्षेपात पाहायची होती, आणि त्या इच्छेत उदात्तता होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या दृष्टिक्षेपासाठी नाचाला तीन गोष्टी सोडाव्या लागल्या.

पहिली गोष्ट म्हणजे महिना. जानेवारीत भात केव्हाच झोडून झालेले असते. ज्या प्रतीक्षेने नाचाला अर्थ दिला, तीच संपलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे कालावधी. रात्रभर, थकवा आणि पुन्हा उभारी अशा लाटांतून चालणारा नाच काही मिनिटांत बसवायचा, म्हणजे वेगवेगळ्या चाळ्यांचे नमुने एकामागून एक दाखवायचे. पुनरावृत्ती हा ज्या रूपाचा प्राण आहे, त्यात पुनरावृत्ती हाच दोष ठरतो. तिसरी गोष्ट सर्वांत मूलभूत आहे. वर्तुळाचे तोंड आत, तारपकऱ्याकडे असते. चौकटीच्या रंगमंचावर असे वर्तुळ उभे केले, तर पुढील नर्तकांची पाठ प्रेक्षकांकडे येते. म्हणून वर्तुळ उघडावे लागते, त्याचा अर्धगोल होतो, तारपकरी कडेला सरकतो. तारप्याकडे पाठ करू नये, या नियमाची जागा प्रेक्षकांकडे पाठ करू नये, हा नियम घेतो. केंद्र बदलले, की एका वाद्याभोवती जमलेला समूह दुसऱ्या कोणासाठी तरी मांडलेली आकृती होतो.

याच सुमाराच्या थोड्या पुढे चित्रकलेतही असाच बदल घडला. लग्नात सुवासिनींनी भिंतीवर काढायच्या चौकाचे केंद्र पालघट देवी. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी त्याला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि २०११ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. कागदावर तारप्याचे वेटोळे वारंवार येऊ लागले आणि पुढे तेच वारली जमातीचे प्रतीक होऊन कापडावर, पेल्यांवर, सरकारी भिंतींवर पसरले. मशे यांच्या चित्रातील वेटोळ्याभोवती शेत, झाड, खळे, उंदीर, पाखरे असा सारा ऋतू असतो. पेल्यावरच्या नक्षीत एकटे वेटोळे उरते. भेद माध्यमाचा नाही, संदर्भ राखण्याचा वा गाळण्याचा आहे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे, मंचावर गेले की सारे भ्रष्ट होते, अशी सरसकट तक्रारही टिकत नाही.

मराठी साहित्यात या स्थित्यंतराचे सर्वांत मार्मिक भान वाहरू सोनवणे यांच्या ठायी आढळते. ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाच्या या भिल्ल कवीने ‘स्टेज’ या कवितेत मंच आणि त्याखालचे लोक यांच्यातील अंतर हाच विषय केला. १९९० साली पालघर येथे भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तारप्याच्याच मुलखात, मंचाविषयी साशंक असलेला कवी अध्यक्षस्थानी असावा, हा योग अर्थपूर्ण आहे. त्या कवितेकडे आपण बहुधा राजकीय कविता म्हणून पाहिले. ती कलामीमांसेची कविताही आहे, कारण कर्ता आणि प्रेक्षक यांची फाळणी म्हणजे काय, हे ती फाळणीच्या खालच्या बाजूने सांगते. हॅरिसनला हा बदल कलेच्या जन्माचा क्षण वाटला. सोनवण्यांना त्यात हिरावून घेतले जाणे दिसते.

६

मराठी सौंदर्यविचारासाठी या साऱ्याचे महत्त्व काय? मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली आणि कलामूल्य व्यावहारिक प्रयोजनांपासून वेगळे काढले. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये लौकिकतावाद व अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये या वादाची फेरमांडणी केली. तारपा-नाच या दोन ध्रुवांमध्ये अडचणीचा ठरतो. तो शुद्ध लय आहे, म्हणून मर्ढेकरांच्या कसोटीला तो अनेक कवितांहून अधिक उतरेल. परंतु ती लय केव्हा सुरू व्हावी आणि केव्हा थांबावी, हे भाताचे पीक ठरवते. लौकिक जीवन येथे कलाकृतीचा ‘आशय’ म्हणून आत येत नाही. ते तिची कालमर्यादा म्हणून तिच्याभोवती उभे असते. कलाकृतीचा काळाशी असलेला हा संबंध आपल्या सौंदर्यशास्त्राने पुरेसा विचारात घेतलेला नाही, कारण आपली नमुनाकृती पुस्तकातील कविता ही होती, आणि पुस्तक कोणत्याही महिन्यात उघडता येते.

ऋतुबद्धता हे या नाचाचे बाह्य वैशिष्ट्य नसून रूपाचा घटक आहे, असे मानले तर दोन निष्कर्ष निघतात. एक, मंचावरील तारपा-नाच ही वेगळी कला आहे. तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही, तिच्यावर पोट असलेले आणि तिच्यात प्रावीण्य मिळवलेले कलावंत आहेत. मात्र तिचे मूल्यमापन तिच्या स्वतःच्या निकषांवर व्हावे. तिला ‘अस्सल’ म्हणून प्रमाणपत्र देणे ही तिचीही वंचना आहे आणि पाड्यावरच्या नाचाचीही. दोन, पाड्यावरचा नाच टिकवायचा तर केवळ नाच टिकवून चालणार नाही.

हा दुसरा मुद्दा अधिक कठोर आहे. आज जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दिवाळी ही पूर्वी तारप्याची अखेर होती. आता ती गाव सोडण्याची तारीखही आहे. जुन्या चक्रात नाच संपल्यावर अन्नाचे दिवस येत, नव्या चक्रात उचल घेऊन निघण्याचे दिवस येतात. बाह्यतः नाच त्याच आश्विनात होतो, त्याच चाळ्यांनी होतो, पण ज्याची वाट पाहायची ते बदलले आहे. म्हणून ‘परंपरा अखंड चालू आहे’ आणि ‘परंपरा नष्ट झाली आहे’ ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. परंपरेचे रूप तेच राहून तिच्यातील काळाचा अर्थ पालटू शकतो, आणि हा पालट जमीन, जंगल व मजुरी यांच्या इतिहासाशिवाय वाचता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली एखाद्या पाड्याला त्याच्या वरकस जमिनीचा हक्क मिळाला किंवा नाकारला गेला, ही बातमी त्यामुळे नृत्याच्या अभ्यासकाचीही आहे.

या प्रदेशातील महाविद्यालयांत आज वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी समाजांतील विद्यार्थी मराठी विषय घेऊन शिकत आहेत. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी ते गाणी आणि कथा गोळा करतात. तारपा-नाचाची नोंद करताना त्यांनी चाळ्याचे नाव आणि पदन्यास यांच्यासोबत तिथी, त्या दिवशी शेतात उभे असलेले पीक, ते शेत कोणाच्या नावावर आहे, आणि साखळीतील किती जण दिवाळीनंतर गावात राहणार आहेत, हेही लिहावे. अशा नोंदी वीस-पंचवीस गावांतून दहा वर्षे झाल्या, तर आपल्याला या नाचाचा पहिला खरा इतिहास मिळेल. तो लिहिणारा त्या साखळीत हात गुंफून उभा राहिलेलाही असेल. तारपकऱ्याकडे पाठ न करता पाहणे म्हणजे काय, हे त्याला माहीत असेल, आणि ‘लोकनृत्य’ ही संज्ञा ठेवायची की सोडायची, याचा निर्णय करण्याचा अधिकार आपल्यापेक्षा त्याला अधिक असेल.